पाठीमागचं फाटक

काल बकाऊ शहराच्या मैदानावर मी लांब उडीचा जुना राष्ट्रीय विक्रम मोडला. आता तो मोडलाच नाही असं समजून पुढे वाचा, कारण पंचांनीही तसंच समजायचं ठरवलंय.

विक्रम माझ्या प्रशिक्षक स्मारांदाबाईंचाच होता. वाऱ्याची झुळूक लागली की माणूस आजारी पडतो म्हणून तिला आमच्याकडे सगळेच भितात, पण बाई भर जुलैतही बसची खिडकी उघडू देत नाहीत. "इलिंके, लाव ती. मान आखडून वाकडी उडशील आणि नाव माझं जाईल."

काल माझी शेवटची उडी उरली होती, आणि विक्रम झाला तरच संघात जागा होती. मैदानाच्या उंच भिंतींआड हवा इतकी पडलेली की झेंडासुद्धा झोपला होता. मी धावले, झेपावले, वाळूत आदळले. फीत बाईंच्या उडीपेक्षा चार बोटं पुढे गेली.

मग पंच वाऱ्याच्या यंत्राकडे बघत म्हणाले, "पाठीमागून वारा जास्त होता. विक्रम धरता येणार नाही."

सगळ्यांनी मागे पाहिलं. धावपट्टीमागचं फाटक सताड उघडं होतं आणि बाई त्याच्या कडीला धरून उभ्या होत्या.

"बघ," माझ्याबरोबर उड्या मारणारी दोयना माझ्या कानात म्हणाली, "स्वतःचा विक्रम कोण सुखासुखी मोडू देतं?"

 

बाई गळ्याभोवतीची शाल आवळत पंचांसमोर येऊन ताठ उभ्या राहिल्या. "साहेब, पोरीला जरा मागून हात मिळावा म्हणून फाटक मी उघडलं, अंदाज चुकला, सबब विनंती, की वारा माझ्या नावावर धरावा आणि उडी हिच्या."