पुराव्याचं पान

नोकरी सांभाळून करायच्या डॉक्टरेटसाठी परिचारिकेने आपल्याच विभागातला प्रश्न निवडला: बाळंतपणाच्या रजेवरून परतलेल्या परिचारिकांना बाळासाठी दूध काढायला जागा नाही. प्रस्तावाचा निम्मा मजकूर तिने सफाईच्या खोलीत फिनेलच्या डब्यांमागे, एका हाताने दुधाचा पंप धरून लिहिला होता.

मार्गदर्शकांनी तो दोन मिनिटांत परत सरकवला. "बाई, ही घरगुती कुरकुर झाली. वीस वर्षांत एकीची तरी लेखी तक्रार आहे?"

"नाही."

"मग प्रश्न आहेच कुठे?"

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्यांनी न उलटलेलं शेवटचं पान तिने उघडलं.

"सर, हा हजेरीपट. तक्रार लिहायला थांबलंय कोण? परतलेल्या अकराजणींपैकी इथे दुसरा महिना पाहिलेली मी पहिलीच."