पहिला घोट

"सगळं प्या हं, डॉक्टरसाहेब. तळाशी काही ठेवू नका," म्हणत इंदुताई ढमढेरे पदर खोचून समोर उभ्या राहिल्या. दवाखान्याच्या खाटेवर त्यांचे यजमान तापाने फणफणले होते.

डॉ. किंजवडेकरांनी स्वतःच शोधलेल्या औषधाचा कप तोंडाला लावला. विकतच्या खोट्या शोधनिबंधांनी जग भरल्यापासून छापलेल्या अक्षरावर कुणाचा भरवसा उरला नव्हता. ज्याचा शोध, त्यानेच रोग्यासमोर पहिला घोट घ्यायचा, असा कायदा झाला होता. किंजवडेकरांचा शोध खरा होता, हेच त्यांचं दुर्दैव. गावोगाव पिऊन पिऊन त्यांच्या आतड्यांचं पोतेरं झालं होतं.

"कालचे डॉक्टर हसत प्याले," इंदुताई म्हणाल्या. "वर अजून आहे का विचारलं. ह्यांना मात्र काडीचा गुण नाही."

"ते सरबत असणार."

"आणि तुमचं?"

किंजवडेकर मोरीकडे धावले आणि भडाभडा ओकले. ओकारी होते, हे त्यांनी निबंधात प्रामाणिकपणे लिहिलं होतं. पण निबंध वाचतो कोण?

आता बाई हाकलणार, म्हणून त्यांनी पिशवी उचलली. इंदुताईंनी मात्र नवऱ्याची मान उचलून औषध त्याच्या ओठांशी नेलं होतं.

"प्या हो. खोटं असतं तर हे डॉक्टरही हसले असते."

किंजवडेकर स्टुलावर टेकले. त्यांना बरं वाटायला हवं होतं. पण दाराबाहेरच्या बाकावर आणखी दोन संशोधक आपल्या नंबराची वाट बघत होते, आणि इंदुताईंचं बोलणं ऐकून त्यांतला एक आत्तापासूनच घशात बोट घालून पाहत होता.