बदली आत्या

विनिफ्रेड ऑल्डर्स्टन पाळण्यावर वाकल्या आणि वाकलेल्याच राहिल्या. बाळाच्या कानात नाव सांगायला एवढा वेळ लागत नाही. नाव होतं अमन. दोन्ही देशांच्या जिभांना झेपेल असं, मुद्दाम शोधून काढलेलं.

खरी आत्या नीलांबरी नागपूरला होती. व्हिसा न मिळाल्यामुळे घुगऱ्यांच्या पातेल्याला टेकवलेल्या फोनमधून ती बारसं बघत होती. "कुर्र मी फोनवरूनच करते ना वहिनी," असं ती आधी म्हणालीही होती. पण घराला लागून राहणारी जगप्रसिद्ध ब्रिटिश कादंबरीकार वाया घालवणं बाळाच्या आईला, रेणूला, पटेना. टेक्ससमधल्या प्लेनोत आजवर कुणाच्या बाळाला अशी आत्या मिळाली होती?

बाईंचं नाव खरंच मोठं. यॉर्कशरच्या एका लायब्ररीत पुस्तकांवर शिक्के मारता मारता त्यांनी पहिली फँटसी लिहिली, मग आणखी आठ. ड्रॅगन आणि राजवाडे काय, सगळेच लिहितात. समीक्षक वाखाणायचे ती त्यांच्या पात्रांची नावं. वाचक ती दंडावर गोंदवून घ्यायचे. पण गेली कित्येक वर्षं नवं पुस्तक नव्हतं. नावंच मिळत नाहीत, असं मुलाखतीत सांगून बाई टेक्ससला मुलीकडे येऊन राहिल्या होत्या आणि गुलाब लावत होत्या.

अखेर त्या सरळ झाल्या. रिवाजाप्रमाणे बायकांनी आत्याच्या पाठीत धपाटे घातले, वयाकडे बघून जरा बेतानेच. बाळाचं रडं केव्हाच थांबलं होतं.

"एवढं काय सांगत होत्या हो त्या?" फोनमधून नीलांबरीने विचारलं.

"ब्रिटिश आहेत," रेणू म्हणाली. "आधी हवापाण्याबद्दल बोलल्या असतील."

अमन वर्षाचा झाला. कुकरच्या शिट्टीला दचकायचा, गॅरेजचं दार वाजलं की हसायचा. 'अमन' म्हटलं की मात्र ढिम्म. डॉक्टरांनी कान तपासले, कान उत्तम होते. त्याचा बाबा सिद्धेश ऑफिसमधून आला की समोर बसून हाका मारायचा, "अमन, अरे इकडे बघ ना यार." मूल मागे वळून बघायचं. आपल्या मागे कुणीतरी असेल, त्याला बोलावत असतील, अशा नजरेने. काही दिवसांनी सिद्धेशही त्या रिकाम्या कोपऱ्याकडे बघू लागला.

एका दुपारी कुंपणापलीकडे विनिफ्रेडबाई गुलाबांना पाणी घालत होत्या. ओठांतल्या ओठांत त्या काहीतरी पुटपुटल्या. गवतावर बसलेला अमन ताडकन वळला आणि हसत, रांगत, थेट कुंपणाला जाऊन भिडला.

रेणू धावली. तिने त्याला उचलून छातीशी धरलं. तो मान वळवून पलीकडेच बघत राहिला.

"विनीआत्या, बारशाला तुम्ही त्याच्या कानात अमनच सांगितलं होतं ना?"

"मी त्याला काहीच सांगितलं नाही," बाई म्हणाल्या. "मी त्याला त्याचं नाव विचारलं."

"तो बारा दिवसांचा होता."

"मुलं त्याच वयात सांगतात. पुढे विसरतात."

रेणूला आपलाच आवाज परका वाटला. "काय सांगितलं त्याने?"

बाईंनी पाणी बंद केलं. त्या अगदी मायेने हसल्या.

"कळेल ना तुला. पुस्तक ऑक्टोबरमध्ये येतंय. सगळ्यांबरोबर तुलाही कळेल."