माळ्यावरची कुदळ

दर पावसाळ्यात गटाराचं पाणी घरात शिरतं म्हणून चामराजपेटेतल्या मनस्विनीअक्का गल्लीतल्या बायकांना घेऊन अकरा दिवस रस्त्यावर बसल्या. पुढच्या निवडणुकीत गल्लीने जुन्या आमदाराला घरी बसवलं.

आज नवे आमदार नव्या गटाराच्या भूमिपूजनाला आले, पण कार्यकर्ते कुदळ आणायलाच विसरले. अक्कांनी माळ्यावरची काढून दिली. जुन्या आमदाराने याच जागी असंच भूमिपूजन करून ती त्यांच्याकडे ठेवली होती. पात्यावर तेव्हाचं हळदकुंकू तसंच होतं, मातीचा कण नव्हता. नव्या आमदारांनी त्यावरच कुंकू वाहिलं, फोटो काढून घेतला आणि "सरी, बरं अक्का, येतो" म्हणत कुदळ अक्कांच्या हातात दिली.



या वेळी अक्कांनी ती माळ्यावर आत ढकलली नाही. पुढेच ठेवली, हाताशी.