दुपारचं पाणी

“मावशी, मातीखाली जुन्या भिंती असल्या की दिवस मावळल्यावरही त्या तापलेल्या राहतात. ड्रोनवरचा कॅमेरा ती धग टिपतो,” संशोधक मॅडम बोलल्या आणि भामाबाईच्या जिवाला घोर लागला. भिंती सापडल्या तर सरकार आपलं रान घेणार!

माती गार पडावी म्हणून तिनं दुपारभर मोकळ्या रानाला पाणी पाजलं. संध्याकाळी ड्रोन घिरट्या घालत होता, तोवर तीही बांधावर येरझाऱ्या घालत राहिली.

“काहीच उमटलं नाही हो,” मॅडम हिरमुसल्या.

दुसऱ्या दिवशी ऊन चढलं तशी भिंतींवरची माती आधी वाळली. काळ्याभोर ओल्या रानात पांढुरक्या रेघांनी खोल्यांमागून खोल्या आखल्या. भामाबाई पायानं रेघा पुसत सुटली.

निरोप घ्यायला आलेल्या मॅडम त्या रेघा बघून बांधावर थबकल्या. कॅमेरा पेटीतच होता.