अहवाल येईपर्यंत

माजी नगराध्यक्ष ताई गेल्याची बातमी सकाळी आली आणि दुपारी पाणीपुरवठ्याचे साहेब स्वतः प्रयोगशाळेत आले. रडून त्यांचा आवाज बसला होता. अंत्यदर्शनाच्या गर्दीसाठी नवी टाकी आजच सुरू करायची होती. केमिस्टची सही तेवढी राहिली होती.

"नमुना अजून उबवणीच्या पेटीत आहे, सर. जंतू असले तर उद्या कळेल. आज टँकर मागवा," केमिस्ट म्हणाली.

"ज्या बाईंनी घरोघरी नळ दिले, त्यांच्याच अंत्ययात्रेला टँकर? शोभेल का हो? आजचा दिवस तरी नियमावर बोट ठेवू नका."

तिने पेन उचललं नाही.

"पहिल्या नळाच्या उद्घाटनाला मी नोकरीत नवी होते. अहवाल यायचा होता आणि ताईंनी पेला ओठाला लावला होता. भर मंडपात मी 'पिऊ नका' म्हणाले."

"पेला मीच दिला होता," साहेब म्हणाले. "वाटलं, गेली हिची नोकरी. माझीपण."

"ताईंनी पेला खाली ठेवला आणि माइकवर सांगितलं, 'ही मुलगी हो म्हणेल, त्या दिवशी उद्घाटन.' तेव्हापासून मला कुणी घाई केली नाही, सर."

साहेबांनी चष्मा काढून पुसला. मग फोन लावला.

"सगळे टँकर चौकात पाठव. नव्या टाकीचं कुणी विचारलं, तर सांग, ताईंनी थांबायला सांगितलंय."