साठ की नव्वद?

सन १९८२, मार्गशीर्षातील एका सायंकाळी कोल्हापुरात, मंगळवार पेठेतील बाळासोंच्या दुकानात कीर्तनकार अप्पा कोरी कॅसेट निवडीत होते. उद्याच्या शस्त्रक्रियेत त्यांचे स्वरयंत्र काढले जाणार होते. आवाज जपून ठेवायला आजचीच रात्र उरली होती. “नव्वद मिनिटांचीच दे. एका बाजूस पूर्वरंग, दुसरीस उत्तररंग. कीर्तन मध्येच तोडायचं नसतं!” अप्पा घोगऱ्या आवाजात भांडत होते. “नव्वदची फीत लई पातळ असती, अप्पा. मशिनीत गुतली की तुटली. साठचीच न्या की,” बाळासो म्हणाले. “साठात काय काय कापू? तूच सांग!” मागे उभ्या अप्पांच्या पत्नीने प्रथमच तोंड उघडले. “कीर्तन गावानं पुष्कळ ऐकलंय. लग्नातल्या उखाण्यानंतर तुम्ही माझं नाव कधी घेतलं नाहीत. मला तेवढंच हवंय.” दुकानातली गिऱ्हाइके थबकली. अप्पांनी नव्वदची कॅसेट परत ठेवली. “साठची पुरे, पद्मजा.”